तुंडगेयचा उंचवटा

मेइसा जोपनं आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. बाकी सगळ्यांना दिलं होतं. दूरदेशीच्या एखाद्या पक्षीवेड्यानं चार ओळी खरडल्या तरी हा दोन पानं लिहून पाठवायचा. पण न्दार शहरातून आलेलं ते निळसर पाकीट दीड वर्ष त्याच्या पक्षीमोजणीच्या वहीत, रोहित पक्ष्यांच्या पानाशी, दाबून पडलं होतं. वही उघडली की आधी ते दिसायचं, आणि वही मिटली तरी डोक्यातून जायचं नाही.

पत्र बुनामा न्जाय नावाच्या माणसाचं होतं. न्दारच्या बेटावर, नदीकाठच्या एका जुन्या दुमजली घरात तो ‘पाणपक्ष्यांचं घर’ उघडणार होता. शहर बघायला येणारे पाहुणे आधी तिथं थांबतील, चित्रं बघतील आणि मग गाडीत बसून प्रत्यक्ष पक्ष्यांकडे जातील, अशी त्याची योजना. त्यानं लिहिलं होतं :

‘आदरणीय काका, कॉलेजात असताना मी तुमच्या होडीत बसलो होतो. तुम्ही उभं राहून म्हणालात, या पाण्यात माणूस कधी राहिलाच नाही. इथला पहिला रहिवासी पक्षी आणि शेवटचाही पक्षीच. ते वाक्य मी विसरलो नाही. आमच्या पहिल्या भिंतीवर ते तुमच्या नावानिशी लिहावं अशी इच्छा आहे. हरकत असल्यास कळवावं. महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही तर होकार समजेन.’

मेइसानं उत्तराचे अकरा मसुदे केले. सगळ्यांची सुरुवात ‘क्षमा असावी’ अशी. पहिला फार लांबला. दुसऱ्यात आपलं फ्रेंच चुकलंय असं वाटत राहिलं. तिसरा वाचताना उद्धट वाटला, चौथा लाचार. पुढचे का फाडले ते त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. खरी अडचण निराळीच होती. वाक्य त्याचंच होतं. तो ते बोलला होता, आणि एकदा नव्हे, पाहुण्यांना पक्षी दाखवायच्या होडीवरच्या नोकरीत एकतीस वर्षं बोलत आला होता. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका पाहुण्या बाईनं विचारलं होतं, “इथं पूर्वी कुणी राहायचं का?” खरं उत्तर लांबलचक होतं, ते परक्या भाषेत द्यायचं होतं, आणि सगळी होडी आपल्या तोंडाकडे बघतेय या जाणिवेनंच त्याला घाम फुटला होता. तो म्हणाला, “नाही.” पाहुण्यांना ते ‘नाही’ आवडलं. कॅमेरे मांडीवर ठेवून ते गप्प पाण्याकडे बघत बसले. मग वर्षागणिक त्या ‘नाही’ला शेपूट फुटत गेलं आणि त्याचं एक ऐटदार वाक्य झालं.

महिना उलटला, काही घडलं नाही. मेइसानं सुटकेचा श्वास सोडला. आपण उत्तर दिलं नाही म्हणजे गोष्ट तिथंच संपली, असं त्याला वाटलं. लाजऱ्या माणसांना नेहमीच तसं वाटतं.

सुकी मासळी विकणारी सिरा आठवड्यातून दोनदा न्दारला जायची. एका दुपारी ती टोपली सावरत मेइसाच्या अंगणात शिरली. मेइसाची थोरली बहीण रोखाया तीन फेऱ्यांच्या चहातला दुसरा पेला उंचावरून ओतत होती. बायको गेल्यापासून मेइसा आणि नवरा गेल्यापासून रोखाया, दोघं एकाच छपराखाली राहत होते.

“रोखाया, तुझा भाऊ मोठा माणूस झाला गं! न्दारात भिंतीवर नाव आलंय त्याचं. हे एवढं, दाराएवढं!”

“का? पोलिसांना हवाय का?”

“अगं, चित्रांच्या घरात. थांब, मी फोटोच काढून आणलाय.”

खोटं कशाला सांगायचं, पहिल्या क्षणी मेइसाचे कान आनंदानं गरम झाले. दाराएवढं नाव! मग त्यानं फोन हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि नावाच्या वरची ओळ पाहिली.

“वाच की,” रोखाया म्हणाली. तिला अक्षरओळख नव्हती. “मोठ्यानं वाच. माझ्या भावाचं नाव आहे, मलाही ऐकू दे.”

तो काहीही सांगू शकला असता. ‘मेइसा जोप, पक्ष्यांचा जाणकार’ एवढं म्हटलं असतं तर विषय मिटला असता, आणि ते अगदी ओठांवर आलंही होतं. पण लहानपणी त्याला अडखळत धडे वाचताना आई जशी बघायची, तशी ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्यानं जे लिहिलं होतं तेच वाचलं.

रोखायानं किटली खाली ठेवली. तिसरा, सगळ्यांत गोड पेला तिनं ओतलाच नाही.

“मग मी कुठं जन्मले?”

सिरानं टोपली उचलली आणि ती मुकाट्यानं निघून गेली.

“अक्का, ते होडीत बोलायचं एक वाक्य होतं. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून...”

“दर पावसाळ्याआधी आई डोक्यावर मातीची टोपली घ्यायची. तिच्यामागं मी. माझ्यामागं तू, नागडा, मुठीत माती धरून. नदी चढली तरी चूल भिजू नये म्हणून गावातल्या सगळ्या बायकांनी तो उंचवटा उभा केला. पुढं सरकारनं ते रान पक्ष्यांसाठी राखून ठेवलं आणि आपल्याला रस्त्याकडेला आणून बसवलं, तेव्हा मी रडले, पण भांडले नाही. म्हटलं, पक्ष्यांनाही जागा लागते. आता तू म्हणतोस, आपण नव्हतोच.”

रोखायाला ठाऊक नव्हतं ते मेइसाला ठाऊक होतं. दर जानेवारीत तो होडीतून तिथं जायचा. दहा पक्षी मोजायचे, त्या दहांचा पसारा डोळ्यांत धरायचा आणि तो पसारा सगळ्या थव्यावर टाकत जायचं, अशी त्याची मोजणीची रीत. झोळीवाले पाणकोळी घरटी करायचे ते नेमके तुंडगेयच्या, म्हणजे त्यांच्या जुन्या गावाच्या उंचवट्यावर. त्या अख्ख्या पाणथळीत पावसाळ्यात न बुडणारी तेवढी एकच जागा होती. एकतीस वर्षं त्यानं त्या उंचवट्यावरची घरटी मोजून वहीत लिहिली. तो उंच का आहे, हे मात्र एकदाही लिहिलं नाही.

“मी त्या माणसाला पत्र लिहितो,” तो म्हणाला.

“दीड वर्ष लिहितोयस.”

तो दचकला.

“अकरा कागद मी चुलीत घातलेत, मेइसा. मला वाचता येत नाही. मोजता येतं. उद्या सकाळी न्दारला जायचं, आणि मी बरोबर येणार.”

न्दारला जाणाऱ्या पांढऱ्या मिनीबसला सगळा मुलूख न्जागा न्जाय म्हणतो. जोप आणि न्जाय ही थट्टेची नातेवाईक कुळं. दोघांनी एकमेकांना खादाड म्हणावं, गुलाम म्हणावं, एकमेकांचा उद्धार करावा. राग मात्र धरायचा नाही. जो रागावला त्यानं कुळाची अब्रू घालवली. त्यातून नात्यानं काही मागितलं तर नाही म्हणायची सोय नसते.

“न्जायशी भांडायला न्जायच्याच गाडीतून,” रोखाया पायरी चढता चढता पुटपुटली.

ड्रायव्हरचे कान तिखट होते. “आडनाव काय, माय?”

“जोप.” तिकडं लग्नानंतरही बायका माहेरचंच आडनाव लावतात.

“अरे बापरे! मी न्जाय. लोकहो, आपापल्या शिदोऱ्या सांभाळा, जोप गाडीत चढलेत!”

“तू पुढं बघून चालव. गुलामाच्या हातात गाडी दिली की असा बोलायला लागतो.”

सगळी गाडी हसली. मेइसा खिडकीकडे तोंड करून बसला होता. ‘श्रीयुत न्जाय, मला आपल्याशी एका गंभीर विषयावर बोलायचं आहे.’ हे वाक्य त्यानं न्दार येईपर्यंत चाळीसेक वेळा मनात घोकलं. दर वेळी ते आदल्या वेळेपेक्षा वाईट वाटत होतं.

लोखंडी पुलावर वाऱ्यानं रोखायाच्या डोक्यावरचा रुमाल उडवू पाहिला. पुलाखाली मासेमारांच्या होड्या लागल्या होत्या आणि एक पाणकोळी कुणाची तरी वाट बघितल्यासारखा काठावर उभा होता. “याला मोजलायस का?” रोखायानं विचारलं. मेइसाला हसू आलं नाही.

पाणपक्ष्यांच्या घराला नवा पिवळा रंग दिला होता. आत दाकारहून आलेली शिक्षकांची सहल भिंतीवरची चित्रं बघत होती. पहिली भिंत पांढरी शुभ्र, आणि तिच्यावर निळ्या अक्षरांत ते वाक्य. होडीत बोलताना ते वाऱ्यावर उडून जायचं. इथं ते उडत नव्हतं.

बुनामा न्जाय जिन्यावरून खाली आला. चांगला धिप्पाड, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. मेइसाला बघताच त्यानं दोन्ही हात पसरले.

“काका! या, या! मंडळी, इकडं बघा. भिंतीवरचे मेइसा जोप ते हेच. नाव मोठं दिसतंय ना? पोट त्याहून मोठं आहे. जोप आहेत. आता आपल्या जेवणाचं काही खरं नाही!”

शिक्षक हसले. मेइसाच्या घशात चाळीस वेळा घोकलेलं वाक्य होतं. “श्रीयुत न्जाय,” तो म्हणाला, “मला आपल्याशी एका गंभीर...”

“श्रीयुत? ऐकलंत? जोप मला श्रीयुत म्हणाले! म्हणजे भात दोन ताटं लागणार.”

“ते भिंतीवरचं... ते बरोबर नाही.”

“बरोबर कसं असेल? जोपाचं वाक्य आहे! मी न्जाय आहे म्हणून माझ्या भिंतीवर त्याला आसरा तरी मिळाला. गुलामानं मालकाच्या भिंतीला नावं ठेवावीत, बघा आता काय दिवस आले!”

हास्याचा फवारा उडाला. आणि मेइसा हसला. त्याला हसायचं नव्हतं. पण सत्तर वर्षांची सवय होती. थट्टेच्या नातेवाइकानं थट्टा केली की जोपाचं तोंड आपोआप हसतं. एकदा हसल्यावर पुढचं काही बोलता येईना. बुनामानं त्याला खांद्याला धरून आत नेलं, मोठ्या थाळ्याशी बसवलं, तांबड्या भातावरचा माशाचा सगळ्यांत चांगला तुकडा मोडून त्याच्या बाजूला सरकवला. रोखायालाही त्यानं मायेनं वाढलं. पाहुणचारात कुठं खोट नव्हती. दोन तासांनी दोघं भरल्या पोटानं नदीकाठच्या कठड्यावर येऊन बसली.

रोखायानं डोक्यावरच्या रुमालाची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाली, “तू हसलास.”

“काय करणार? तो न्जाय आहे.”

“मीही जोपच आहे. मी नाही हसले.”

“मला नाही जमत, अक्का. मी बोलायला लागलो की शब्द मागं सरतात. तुला ठाऊक आहे. आणि वाक्य माझंच आहे. कुठल्या तोंडानं सांगू?”

“ज्या तोंडानं बोललास त्याच तोंडानं सांग. दुसरं कुठून आणणार?”

ती उठली, वस्त्र झटकलं आणि परत त्या पिवळ्या घराकडे चालू लागली. मेइसा मागून घाईघाईनं गेला. त्याला वाटलं, आता ही आरडाओरडा करणार आणि आपली लाज निघणार. पण रोखाया ओरडली नाही. ती सरळ पहिल्या भिंतीपाशी गेली आणि त्या निळ्या अक्षरांखाली फरशीवर मांडी घालून बसली.

शिक्षकांची सहल निघायच्या तयारीत होती. एका मास्तरीणबाईनं विचारलं, “माय, बरं वाटत नाही का?”

“बरं वाटतंय. इथं लिहिलंय, या पाण्यात कधीच कुणी राहिलं नव्हतं. त्या कुणीमधली मी एक. म्हटलं, चित्रं बघताय तर मलाही बघून जा.”

सगळे जागच्या जागी थांबले. बुनामा आवाज ऐकून बाहेर आला.

“मायनं जागा पकडली! जोपांना एकदा जेवू घातलं की उठत नाहीत, मी सांगितलं होतं ना?”

“खरंय,” रोखाया म्हणाली. “आणि माझा गुलाम असून तू मला फरशीवर बसवतोस? जा, स्टूल आण.”

शिक्षक हसले, बुनामाही हसला, आणि नात्यानं मागितलं म्हणून त्याला स्टूल आणावं लागलं. रोखाया त्यावर बसली.

“आता पाणी आण.”

त्यानं पाणी आणलं.

“आता ती ओळ पूस.”

या वेळी कुणी हसलं नाही. रोखायानं तुंडगेयचं नाव घेतलं. टोपल्यांची गोष्ट सांगितली, आईची, मातीची, आणि ज्या उंचवट्यावर पाणकोळी आज घरटी करतात तो कुणी रचला त्याची. तिचा आवाज चढला नाही. अंगणात धान्य निवडताना बोलावं तशी ती बोलत होती. मास्तरीणबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली.

बुनामाचा चेहरा उतरला. पण तो धंदेवाला माणूस होता आणि त्याचंही काही चुकीचं नव्हतं. “माय,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “मला हे कुणी सांगितलंच नाही. मी काकांना लिहून विचारलं होतं. हरकत असेल तर कळवा म्हणालो होतो. दीड वर्षात एक ओळ आली नाही. आता तुम्ही म्हणता पुसा. उद्या काका म्हणतील, बहिणीला राग आला होता, राहू द्या. भिंत त्यांच्या नावाची आहे.” तो मेइसाकडे वळला. “तुम्ही मघाशी काहीतरी म्हणालात. मी हसण्यावारी नेलं. न्जाय आहे, नेणारच. तोंडी सांगाल तर पुन्हा नेईन. मला लिहून द्या, काका. कागदाला ना जोप कळतो, ना न्जाय.”

सगळी खोली मेइसाच्या तोंडाकडे बघत होती. होडीतल्यासारखीच. त्याला घाम फुटला. “देतो,” तो म्हणाला. पहिल्यांदा ते कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, “देतो लिहून!” तेव्हा आवाज इतका मोठा निघाला की तो स्वतःच दचकला.

पोस्ट दोन गल्ल्या सोडून होतं. रोखायाला बाकावर बसवून मेइसा उंच मेजापाशी उभा राहिला. कागद घेतला, पाकीट घेतलं. पेन उचललं आणि हात सवयीनं ‘क्षमा’ लिहायला निघाला. त्यानं तो हवेतच थांबवला.

“अक्का, घरं किती होती?”

ती बोटांवर मोजू लागली. “चौदा.”

“मला तेरा आठवतात.”

“काठावरची एकटी म्हातारी धरली नाहीस. तिलाही घर होतं.”

लाखो पक्षी मोजलेल्या माणसानं आपल्याच गावाची घरं कधी मोजली नव्हती. त्यानं चौदा लिहिलं. मग पेन थांबलं नाही.

‘बुनामा न्जाय यांस. तुमच्या भिंतीवरचं वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे. मी ते एकतीस वर्षं बोललो, कारण खरं सांगायला वेळ लागला असता आणि मी भित्रा होतो. त्या पाण्यात तुंडगेय नावाचं गाव होतं. चौदा घरं. पाणकोळी ज्या उंचवट्यावर राहतात तो आमच्या बायकांनी टोपल्यांनी माती वाहून रचला. त्यांत माझी आई होती, बहीण होती. आम्ही तिथं नसतो तर पक्ष्यांनाही तिथं कोरडी जागा नसती. हे भिंतीवर लिहा आणि खाली माझं नाव ठेवा. नसेल लिहायचं तर वाक्य आणि नाव दोन्ही पुसा. महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही तर होकार समजेन, आणि रंगाचा डबा घेऊन स्वतः येईन. मेइसा जोप.’

त्यानं ते रोखायाला वाचून दाखवलं. ती ‘रंगाचा डबा’ ऐकून मान हलवत म्हणाली, “निळा घे. पांढऱ्यावर निळा बरा दिसतो.”

तरीही मेइसा कागदाकडे बघत राहिला.

“आता काय शोधतोयस?”

“एखादा शब्द जास्त कडक झाला असेल.”

“सही केलीस?”

“केली.”

“मग दे इकडं.”

“नाही,” तो म्हणाला. “मी देतो.”

खिडकीतल्या कारकुनानं पत्ता वाचला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “आजोबा, हे तर दोनच गल्ल्या सोडून आहे. पाच मिनिटांत चालत जाल. टपालाला दोन दिवस लागतील.”

“ठाऊक आहे.”

“मग हातातच देऊन या ना.”

“हातात दिलं तर तो काहीतरी बोलेल,” मेइसा म्हणाला, “आणि मी हसेन.”

कारकुनाला काही कळलं नाही. त्यानं तिकिटावर धाडकन शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. ते परत मागायला मेइसाचा हात खिडकीकडे निघालाच होता. त्यानं तो झग्याच्या खिशात घातला, आणि दुसराही घातला, आणि कारकून पोत्याचं तोंड बांधेपर्यंत तिथंच उभा राहिला.